अबू हनान यांचा दुसरा फोन

सकाळचे दहा वाजून गेले तरी शेजारच्या पोर्चमधला दिवा चालू होता. दुसऱ्या कुठल्या घराबाबतीत याला काही अर्थ नसता. हॅमिल्टनला हिवाळ्यात धुकं लवकर हटत नाही, लोक दिवे तसेच ठेवून कामाला निघून जातात. पण त्या घरातला माणूस, दिवसा जळणारा दिवा दिसला की परक्याच्या दारावर टकटक करून सांगणारा होता. मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेलो. मागचं दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं होतं. अबू हनान स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले होते. अंगात कोट, पायात बूट, फिरायला निघण्यापूर्वी क्षणभर टेकावं तसे. माझी पत्नी मेधा फार्मासिस्ट आहे, तिला मी हाक मारली. तिने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाली, "अहो, हनानला तुम्ही कळवा. मला नाही जमायचं."

हनान ही त्यांची एकुलती एक मुलगी, ब्रिस्बेनला भूलतज्ज्ञ आहे. वृत्तपत्राच्या डेस्कवर माझं बहुतेक आयुष्य गेलं. निधनाच्या असंख्य बातम्या हाताखालून गेल्या, पण त्या माझ्यापर्यंत पोचायच्या तेव्हा घरच्यांना कळवण्याचं काम कोणीतरी आधीच केलेलं असायचं. फोनवर मी हनानला पोर्चमधल्या दिव्यापासून सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "दिवा बंद केलात का?" मी हो म्हणालो. त्यानंतर तिने सांगितलं की वडिलांना त्यांच्या गावी नेण्यासाठी ती आजच अर्ज करणार आहे, तिकडच्या चुलतभावाने सगळी तयारी ठेवलेली आहे, कितीही दिवस लागले तरी थांबायचं. या विषयावर मला तिला एक गोष्ट सांगायची होती. ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती. ती येईपर्यंत मी थांबलो.

अबू हनान म्हणजे हनानचे वडील. आम्ही त्यांना याच नावाने ओळखत होतो आणि त्यांनाही ते पुरेसं वाटायचं. पॅलेस्टाईनमधल्या, द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या एका डोंगरगावाचे ते निवडून आलेले मेयर. गाव तेवढंच होतं, त्यामुळे आपल्याकडच्या हिशेबाने महापौर नव्हे, नगराध्यक्ष. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी लष्करी अंमलदारांनी त्यांना कार्यालयातून उचललं आणि नदीवरच्या पुलापलीकडे नेऊन सोडलं. त्या सकाळी गटाराच्या नव्या वाहिनीबद्दल बैठक चालू होती. अधिकारी म्हणाला होता, पाच मिनिटांचं काम आहे. पलीकडच्या राजधानीत ते पुढे हद्दपार नेतृत्वाच्या समितीवर गेले, शिष्टमंडळांबरोबर देशोदेशी फिरले, फोटोंत उभे राहिले. त्या काळाबद्दल विचारलं की म्हणायचे, "उस्ताद, मी नऊ देशांत भाषण केलं. एका नळाला पाणी आलं नाही." पत्रकाराला त्यांच्याकडे उस्ताद म्हणण्याची पद्धत आहे, मी निवृत्त असलो तरी ती त्यांनी सोडली नाही. मेधा औषधाच्या दुकानात काम करते म्हणून ती दक्तूरा, म्हणजे डॉक्टर. ती त्यांना काका म्हणायची. त्याचा अर्थ कळल्यावर ते बायकोला म्हणाले होते, "बघ, इतक्या लांब येऊन मला पुतणी मिळाली."

पुढे एक करार झाला आणि काही हद्दपारांना परत येऊ दिलं गेलं. करारावर त्यांनी जाहीर टीका केली होती. परतणाऱ्यांत त्यांचं नाव आलं नाही. टीका केल्याचा पश्चात्ताप होतो का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी शांतपणे नाही म्हटलं, आणि मग पुस्ती जोडली, "पण तेव्हा वदादची आई जिवंत होती..." वदाद म्हणजे त्यांची पत्नी. हनानला इथल्या रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा ही दोघं तिच्यामागून हॅमिल्टनला आली. इथलं नागरिकत्व मिळाल्यावर नवा पासपोर्ट घेऊन नवराबायको एकदा त्याच पुलापर्यंत जाऊन आली. तिथे पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीवरच्या माणसाने वदादना आत जाऊ दिलं, अबू हनानना नाही. वदाद तिथल्या बाकावर बसल्या, बुटांची नाडी पुन्हा बांधली आणि नवऱ्याबरोबर परत फिरल्या. काही वर्षांनी हनान ब्रिस्बेनला गेली, जशी इथली निम्मी माणसं चांगल्या पगारासाठी जातात. तिने खूप आग्रह केला, पण अबू हनान हलले नाहीत. "मला एकदा हलवलंय," एवढंच कारण ते द्यायचे.

आमची ओळख एका चुकीतून झाली. आम्ही शेजारी राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. वदादनी बिनकानाच्या इवल्याशा कपात, तळाशी जेमतेम दोन घोट, वेलदोड्याच्या वासाची काळी कॉफी आणली. दूध नाही, साखर नाही. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. पुण्यातल्या माणसाच्या जिभेला ते औषध होतं. गप्पा चालू होत्या, कप तसाच राहिला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की यजमानांनीही आपला कप खाली ठेवलाय. ते खुर्चीत सरळ होऊन बसले. वदाद दारात ट्रे घेऊन थबकल्या.

"बोला," अबू हनान म्हणाले. "काय काम आहे? माझ्या हातातलं असेल तर झालं समजा."

मला काही समजेना. काही काम नव्हतं. पण तीन माणसं माझ्याकडे बघत होती आणि कॉफी कडू आहे असं सांगणं शक्य नव्हतं. म्हणून तोंडाला आलं ते बोललो: आमच्या घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा आम्ही आल्यापासून बंद आहे.

"प्या," ते म्हणाले आणि उठून फोनकडे गेले.

त्यांच्याकडची रीत वदादनी नंतर मेधाला सांगितली. ज्याला काही मागायचं असतं तो पाहुणा कॉफी हातात घेतो आणि न पिता खाली ठेवतो. यजमानाने ओळखायचं. लग्नाची मागणी असो, दोन घरांतलं वैर मिटवायचं असो, यजमान "प्या" म्हणाला की शब्द दिला गेला. तसं न म्हणता पाहुण्याची कॉफी थंड होऊन परत गेली तर ती घराला नामुष्की. घरी आल्यावर मेधा म्हणाली, "तुमच्या तोंडाला कडू लागलं आणि काकांच्या गळ्यात दिवा पडला. पुढच्या वेळी साखर मागा म्हणजे ते कारखाना काढून देतील."

दिवा लागला. शिडीची गाडी आली, दोन माणसांनी काम केलं आणि संध्याकाळी उजेड पडला. त्यानंतर अबू हनान यांनी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, दुसरा फोन केला, दिवा लागला हे सांगायला. हा दुसरा फोन त्यांच्या दृष्टीने तक्रारीपेक्षा महत्त्वाचा होता. "गावात असताना लोक माझ्याकडे पाणी नाही म्हणून यायचे," ते म्हणाले, "पाणी आलं म्हणून कोणी आलं नाही. मला कधी कळलंच नाही काय झालं आणि काय राहिलं." इथल्या कौन्सिलमध्ये फोन घेणारी आरोहा नावाची एक बाई आहे. तिने पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा यांनी नावाबरोबर हुद्दाही सांगितला. कुठले मेयर, असं तिने विचारलं, यांनी गावाचं नाव सांगितलं. तिला ते लिहिता आलं नाही, पण पुढच्या खेपेपासून ती "किया ओरा, मेयर" असा इथला नमस्कार करूनच बोलू लागली.

रोज सकाळी ते फिरायला निघायचे. मी बरोबर असायचो. याला फिरणं म्हणणं बरोबर नाही, ती पाहणी होती. गळणारं पाण्याचं मीटर, तुंबलेलं गटाराचं तोंड, शाळेच्या कोपऱ्यावर पुसट झालेला पांढरा पट्टा... ते थांबायचे, वाकून बघायचे, हात मागे बांधून पुढे निघायचे. त्यांच्या गावात पाणी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी यायचं. निवडून आल्यावर त्यांनी पहिला बदल केला तो म्हणजे स्वतःच्या आळीची पाळी शेवटची लावली. सख्खा भाऊ वर्षभर बोलला नाही. ते सांगताना त्यांना हसू यायचं. कौन्सिलच्या निवडणुकीत एक तरुण उमेदवार दारोदार हिंडत आला होता, पायात जँडल म्हणजे साध्या रबरी चपला. ड्रेनेजवर हीप्स ऑफ काम झालंय, स्वीट ॲज, असं म्हणाला, म्हणजे ढीगभर काम झालंय, सगळं झकास. "कुठल्या रस्त्यावर?" अबू हनान यांनी विचारलं. त्याने हसून पत्रक पुढे केलं. "पत्रक नको. रस्ता सांग." तो दहा मिनिटं उभा होता, रस्ता सांगू शकला नाही. तरी यांनी मत त्यालाच दिलं. का, असं विचारल्यावर म्हणाले, "लाजला. जो लाजतो तो शिकतो."

दोन वर्षांपूर्वी वदाद गेल्या. शहराबाहेरच्या दफनभूमीत, मुस्लिमांसाठी राखलेल्या कोपऱ्यात त्यांना पुरलं. त्यानंतर त्या घरात बोलण्याचा आवाज असा उरला नाही. हनान रोज फोन करायची, तो स्पीकरवर असायचा, आम्हाला इकडे ऐकू यायचा. त्यांच्या भाषेत ती काहीतरी विचारायची आणि ते एका शब्दात उत्तर द्यायचे. फोन ठेवल्यावर रेडिओ लागायचा. मेधा डबा द्यायची, डबा धुऊन परत यायचा, आत एक लिंबू किंवा पेरूसारखी लागणारी इथली फिजोआची फळं. घरात एकटा माणूस किती थोडा आवाज करतो, हे कुंपणाच्या अलीकडून समजतं. सकाळच्या फिरण्याचा रस्ता बदलला. आता ते दफनभूमीच्या बाजूची बस घ्यायचे, तिथून चालत परत. तिथला नळ गळत होता. आरोहाला पहिला फोन गेला, काही दिवसांनी दुसरा.

गेल्या शरदात एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले. मेधाने चहा केला. आमच्या चहाला ते खीर म्हणायचे, पण प्यायचे. त्या दिवशी त्यांनी कप उचलला, हातात धरला आणि खाली ठेवला. मेधा म्हणाली, "काका, घ्या ना, साय धरतेय." मी तिला हाताने थांबवलं. 

"सांगा," मी म्हणालो.

ते सावकाश बोलू लागले. मेयर असताना गावात एक शाळकरी मुलगा गोळी लागून मेला. त्याची अंत्ययात्रा दिवसाउजेडी, मुख्य रस्त्याने निघावी अशी घरच्यांची इच्छा होती. अबू हनान लष्करी अधिकाऱ्याला जाऊन भेटले, स्वतः हमी दिली, परवानगी मिळवली. यात्रा निघाली. शाळेच्या वळणावर दगड आले, मग गोळ्या. जनाज्याला पुढून खांदा देणारा ईसा नावाचा बेकरीवाला तिथेच पडला. दोन लहान मुलींचा बाप. त्याच्या अंत्ययात्रेला परवानगी मिळाली ती फक्त घरच्या माणसांपुरती. "एका अंत्ययात्रेतून दुसरी निघाली," ते म्हणाले. "आणि पहिलीचा कागद माझ्या सहीने आला होता."

मग त्यांनी मागणं सांगितलं. मी मेल्यावर हनान मला गावी न्यायला अर्ज करेल. परवानगी मिळेल. जिवंत माणसाला मिळत नाही, मेलेल्याला मिळते. मला पुलावरून नेतील, सगळं गाव रस्त्यावर येईल, माझं नाव घेत येईल. त्याच वळणावरून जाईल. "मला इथे पुरा. वदादच्या शेजारी. जितकी कमी माणसं येतील तितकं बरं."

मी नेहमीच्या सवयीने म्हणालो की हे लिहून ठेवा, किंवा हनानला स्वतः सांगा. त्यांनी मान हलवली. "तिला सांगितलं तर ती माझ्याशी भांडेल आणि मी हरेन. मला जायचंय, उस्ताद. तुला काय वाटतं, मला जायचं नाही? ती दोनदा विचारेल आणि मी हो म्हणेन. मेल्यावर मला हरवता येणार नाही. तू सांग तिला."

चहावर जाड साय धरली होती. मेधा माझ्याकडे बघत होती. "प्या," मी म्हणालो. त्यांनी तो गार चहा एका दमात संपवला, साय बशीत काढून ठेवली आणि म्हणाले, "दक्तूरा, थंड झाल्यावर तुमची खीर आणखी वाईट लागते."

हनान आली ती त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी. मशिदीतले इमाम अस्वस्थ होते, दफन लवकर व्हावं असा त्यांचा आग्रह होता. पण मुलगी थांबा म्हणते म्हटल्यावर ते थांबले. मी तिला सगळं सांगितलं. ईसाची गोष्ट तिला माहीत होती, वडिलांच्या सहीचा भाग माहीत नव्हता. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या बाबांनी जन्मभर एकच गोष्ट मागितली. आणि ती नको म्हणून तुम्हाला सांगितलं? मला नाही?" मी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, भांडेल आणि हरेन, हेसुद्धा. ती निघून गेली. दोन दिवस शेजारच्या घरात फोन चालू होते, मधूनच तिचा चढलेला आवाज. तिसऱ्या दिवशी परवानगी आली.

त्या दुपारी ती आमच्याकडे आली. मेधाने वदादच्या पद्धतीने कॉफी केली होती, वेलदोडा घातलेली, काळी. वदादनीच तिला शिकवली होती. हनानने कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. मला कळलं. मेधालाही कळलं.

"मला त्यांना न्यायचंय," हनान म्हणाली. "गाव थांबलंय. आजोबांच्या शेजारी जागा आहे. तुम्ही एवढंच म्हणा, की तुमची खात्री नाही. की ते थकले होते, त्यांना नीट सांगता आलं नाही. बाकीचं मी बघते."

खिडकीतून त्यांचं अंगण दिसत होतं. दोरीवर त्यांचा एक सदरा होता, कोणी काढला नव्हता. मी म्हणालो, "ते थकलेले नव्हते, हनान. आणि मी त्यांना आधीच शब्द दिलाय."

 कपातली कॉफी हलली नाही. मेधा आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. बऱ्याच वेळाने हनानने एकच विचारलं, "त्यांना जायचं होतं, हे ते म्हणाले ना?" मी म्हणालो, "म्हणाले. मला जायचंय, हेच शब्द." ती उठली आणि गेली. कॉफी तशीच राहिली. आमच्या घरात आलेल्या पाहुण्याची कॉफी परत जाण्याची ती एकच वेळ. मेधाने कप उचलला नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत तो तिथेच होता.

सकाळी हनानचा फोन आला. दुपारच्या नमाजानंतर दफन आहे, या. आम्ही गेलो. इमाम, हनान, मशिदीतली काही माणसं, मेधा आणि मी. दोन बाजूंना धुकं होतं, त्यामुळे दफनभूमी होती त्याहून लहान वाटत होती. माती टाकून झाल्यावर एकजण हात धुवायला नळाकडे गेला. नळ व्यवस्थित बंद झाला.

त्याच दिवशी त्यांच्या गावात, देहाशिवाय, मशिदीत त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. मशीद भरून लोक रस्त्यावर उभे होते, असं चुलतभावाने हनानला कळवलं. प्रार्थना झाली, लोक थोडा वेळ उभे राहिले. खांद्यावर घ्यायला काही नव्हतं, पुढे जायला कुठली जागा नव्हती, म्हणून पांगले. शाळेच्या वळणावर लष्कराच्या दोन गाड्या सकाळपासून उभ्या होत्या, त्या संध्याकाळी निघून गेल्या. हनानने हे मला ब्रिस्बेनहून फोन करून सांगितलं. शेवटी म्हणाली, "सगळे घरी पोचले." त्यानंतर फोन कोणी लगेच ठेवला नाही. त्या दिवशीच्या त्या गावाची बातमी मी शोधली. कुठेही नव्हती. काही घडलं नाही, याची बातमी होत नसते.

घर आता भाड्याने दिलंय. ते रिकामं करायला हनान पुन्हा आली होती. वदादचे ते बिनकानाचे कप ती मेधाला देऊन गेली. जाण्याआधी आमच्याकडे बसली, कॉफी पुढे आल्याबरोबर प्यायली, आणि म्हणाली, "आई यात वेलदोडा जास्त घालायची." नव्या भाडेकरूंची मुलं पोर्चमधला दिवा रात्रंदिवस चालू ठेवतात. मी सकाळी खिडकीशी येतो, तो दिसतो, आणि दर वेळी क्षणभर थांबावं लागतं... सकाळी फिरायला मी एकटाच जातो. रस्ता तोच आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा पुन्हा गेला. मी कौन्सिलला फोन केला, रस्त्याचं नाव सांगितलं. "किया ओरा," पलीकडून आरोहा म्हणाली, "हा तर मेयरचा रस्ता. बरेच दिवस फोन नाही त्यांचा. बरे आहेत ना?" मी सांगितलं.  मग तिने माझं नाव विचारलं आणि ते नीट लिहून घेण्यासाठी अक्षर-अक्षर पुन्हा विचारलं.

काल शिडीची गाडी येऊन गेली. अंधार पडल्यावर दिवा लागला. आज सकाळी मी तिला पुन्हा फोन केला, लागला म्हणून सांगायला.